जकात नाक्यातल्या रात्री: बंदरावरच्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीतले आहे. गावाचे नाव दिलेले नाही. माणसांची नावे, वये आणि काही तपशील बदलले आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड होईल असे काही छापता येत नाही. शिवाय गाव एवढेसे आहे, की जेट्टी कुठली ते सांगितले तर शेड कुणाची तेही कळेल.

मी त्या वेळी नगरपरिषदेत कंत्राटी समुदाय संघटक होते. बचत गटांच्या बैठका, फेरीवाल्यांची ओळखपत्रे, बँकेत अडकलेले कर्जाचे अर्ज, असे रोजचे काम. बेघरांचा विषय आमच्या वार्षिक अहवालात एका ओळीत उरकायचा. 'शहरातील बेघर व्यक्ती: निरंक.' ती ओळ दोन वर्षे मीच टाइप केली होती आणि मला ती खोटी वाटत नव्हती. मुंबईत दिसतात तशी फुटपाथवर झोपलेली माणसे आमच्याकडे नव्हती.

आमच्याकडची माणसे मालकाच्या जागेत झोपतात. चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, कर्नाटकातल्या विजयपूर-बागलकोटकडची कुटुंबे खाणीच्या कडेला चिरे रचून त्यावर पत्रा टाकतात. हापूसच्या बागेत नेपाळी राखणदार मांगरात राहतो. ट्रॉलरवरचा खलाशी बोटीवरच झोपतो. काम आहे तोवर छप्पर आहे. काम सुटले की त्याच संध्याकाळी छप्परही सुटते, आणि तो माणूस कुणाच्याच यादीत नसतो.

या कुटुंबाचे तसेच झाले होते. नवरा-बायको आणि तीन मुले, विजयपूर जिल्ह्यातून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन चिरेखाणीवर आलेली. कटिंग मशिनवर काम करताना नवऱ्याच्या पायावर चिरा पडला. खाणमालकाने दवाखान्याचे बिल भरले, थोडे पैसे हातावर ठेवले आणि त्याला गावी पाठवून दिले. हजेरीवहीत त्याचे नावच नव्हते, त्यामुळे भरपाईचा प्रश्न कुणी काढलाच नाही. उचल फिटेपर्यंत बायको खाणीवर राहिली. मग गावकडच्या एका बाईच्या ओळखीने ती मुलांना घेऊन बंदरावर आली. पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. ती आली तेव्हा नवा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

मोठी मुलगी अकरा वर्षांची. तिला इथे रेणुका म्हणते. तिच्या पाठचा भाऊ सात वर्षांचा, आणि सगळ्यात धाकटा अडीच वर्षांचा. लिलाव शेडच्या मागे, जुन्या जाळ्यांच्या ढिगाला लागून त्यांनी निळी ताडपत्री बांधली होती.

पहिला फोन

पहिला फोन मीच केला. गणपतीला दोन आठवडेही उरले नव्हते. चाकरमान्यांच्या गाड्या येण्याआधी एसटी स्टँड साफ करण्याची मोहीम चालू होती आणि मला तिथे उभे केले होते. रेणुका कडेवर बाळ घेऊन फलाटावरून फिरत होती. कुणी बिस्कीट दिले तर घेत होती, कधी हात पुढे करत होती. सलग तीन दिवस मी तिला सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास पाहिले. तिसऱ्या दिवशी १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. २०२३ पासून ही हेल्पलाइन महिला व बालविकास विभागाच्या यंत्रणेत आली आहे. संध्याकाळपर्यंत माणसे आली, सोबत पोलीस.

पुढे सगळे नियमाप्रमाणे झाले, हे मुद्दाम लिहिते आहे. कायद्याने प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मुलांना बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर करायचे असते. तसे केले. ज्या मुलाला घर नाही, जे रस्त्यावर राहते किंवा भीक मागताना आढळते, ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' या व्याख्येत बसते. ही मुले बसत होती. कुणी हलगर्जीपणा केला नाही, कुणी आवाज चढवला नाही.

समितीपुढे आईला प्रश्न विचारले ते मराठीत. आईला कन्नड येत होते, मराठी कामापुरते. कन्नड येणारे त्या खोलीत एकच माणूस होते, रेणुका. तिने आजूबाजूच्या मुलांकडून जेट्टीवरची बोली उचलली होती. तिने भाषांतर केले. 'तू मुलीला भीक मागायला पाठवतेस का?' हा प्रश्न एका अकरा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला आपल्याच सुनावणीत विचारला आणि आईचे उत्तर समितीला सांगितले. मी दाराशी उभी होते. आईचे उत्तर लांब होते, रेणुकाने सांगितले ते दोन शब्दांत, 'नाय पाठवत.' मधले काय गळले ते कळायला आम्हाला पुढे तीन आठवडे लागले.

तात्पुरता आदेश असा झाला: मोठी दोन मुले बालगृहात, धाकटा आईजवळ. मुलींचे आणि मुलांचे गृह वेगळे, त्यामुळे भावंडे दोन ठिकाणी गेली. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत मागवला. जीपमध्ये बसताना रेणुकाने मला विचारले, "रात्रीची बाळाजवळ कोण ऱ्हवतला?" मी म्हटले, "आई आहे ना गो." तिने मान वळवली. तिचा प्रश्न मी कुठेही लिहून ठेवला नाही.

दुसरा फोन

नवव्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला, लिलाव शेडच्या राखणदाराला जेट्टीच्या कठड्याजवळ एकटे रांगणारे-चालणारे मूल सापडले. ओहोटी होती, खाली चिखल आणि दगड. त्याने मूल उचलले आणि फोन केला. आई दोनशे मीटरवर कोळंबी सोलत होती.

गणपतीचा दुसरा दिवस. कोकणात त्या दिवसांत सरकारी कचेरी उघडी असते म्हणायची एवढेच. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या संरक्षण अधिकारी बाई पाच दिवसांचे गणपती करून मग येणार होत्या, आणि यात त्यांची चूक मला काढता येत नाही. ठाण्यातल्या हवालदाराने नोंद घेतली आणि मूल आईच्या ताब्यात दिले. पण नोंदीत शब्द आला 'दुर्लक्ष'. पहिल्या नोंदीत ही बाई गरीब होती. दुसऱ्या नोंदीत ती बेजबाबदार झाली.

मी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा एक गोष्ट खटकली. दोन्हींत तारीख होती, ठिकाण होते, पण हे कुटुंब कुठल्या वेळी काय करते याचा कुठेच उल्लेख नव्हता. ओळखीच्या एका कन्नड येणाऱ्या बेकरीवाल्याला घेऊन मी ताडपत्रीपाशी गेले आणि आईकडून तिचे चोवीस तास लिहून घेतले.

ते असे होते. बोट लागण्याची वेळ ठरलेली नसते. मुकादमीण फोन करते, बहुधा रात्री दीड-दोनला. बायका शेडमध्ये जातात, बर्फातली कोळंबी सोलतात, मजुरी किलोवर मिळते. सकाळी आठला परत. नऊ ते एक झोप. मग पाणी, स्वयंपाक, कपडे. रात्री आई कामावर असताना बाळाजवळ रेणुका असायची. आणि सकाळी आई झोपली की बाळ रडून तिला उठवू नये म्हणून ती त्याला घेऊन दूर, एसटी स्टँडवर जायची.

म्हणजे मी तीन सकाळी जे पाहिले ते भीक मागणे होतेच, पण त्याआधी ते बाळ सांभाळणे होते. आम्ही रेणुकाला संरक्षण म्हणून उचलले आणि त्या घरातली रात्रपाळी मोकळी केली. नवव्या रात्री जे घडले ते आमच्या पहिल्या कारवाईतून घडले होते. समितीपुढे आईने जे लांब उत्तर दिले होते, त्यात हेच होते.

कोणते मार्ग होते

गणपतीनंतर मुख्याधिकाऱ्यांनी बैठक बोलावली. संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्यातले एक जण, नगरपरिषद शाळेच्या मुख्याध्यापिका, अंगणवाडी सेविका, मच्छीमार सोसायटीचे सचिव, नगरपरिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या सभापती आणि मी.

सगळ्यात सोपा मार्ग समोर होता: दोन मुले आहेत तिथेच ठेवायची आणि धाकट्यालाही आईपासून वेगळे करायचे. कागद तयार होते. मुलांना जेवण, शाळा, पलंग मिळाला असता. पण याच कायद्याच्या कलम ३ मधली तत्त्वे सांगतात की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय. शेवटचा म्हणजे आधीचे करून पाहिल्यानंतरचा, आणि आम्ही आधीचे काहीच केले नव्हते. संरक्षण अधिकारी बाईंनीच हे बोलून दाखवले, बरेचसे स्वतःलाच.

पोलिसांकडून १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याचे नाव निघाले. त्याने स्टँड मोकळा झाला असता, बाकी काही नाही. तो विषय दोन मिनिटांत मिटला.

कुटुंबाला गावी परत पाठवावे, असे सभापतींचे म्हणणे होते. कायद्यात मुलाचे प्रकरण त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या समितीकडे सोपवण्याची तरतूद आहे. पण तिथे नवरा अधू होऊन पडला होता आणि कमाई शून्य होती. महिन्याभरात बाई पुन्हा कुठल्या तरी खाणीवर उचल घेऊन गेली असती. सभापतींना ते पटले, तरी "पण मग इथे सगळेच येतील" हे वाक्य त्यांनी सोडले नाही. ते पुढेही आमच्या मागे लागले.

बेघर निवारा काढावा, असा माझा प्रस्ताव. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जे आदेश दिले, त्यांतून दर लाख शहरी लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा हे माप आले आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या बेघर निवारा योजनेनेही तेच धरले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत लाखाचे एकही शहर नव्हते. लाखाच्या पट्टीने मोजले तर आमच्या गावाच्या वाट्याला निवाऱ्याचा एक कोपरा आला असता. लेखापालांनी विचारले, "तुमच्याच अहवालात बेघर निरंक आहेत, मग निवारा कुणासाठी?" मला उत्तर देता आले नाही.

उरला पैशांचा आधार. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखालच्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल कुटुंबातच राहावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीत, पात्र मुलामागे महिना ४००० रुपये मिळतात. शहरी भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६,००० रुपये. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २२५० रुपये आहेत, पण दोन्हींपैकी एकच घेता येते. हा मार्ग सगळ्यांना मान्य होता. फक्त त्याला वेळ लागणार होता, आणि बोट रोज रात्री लागत होती.

बैठकीत बचत गटाची एक बाई चहा घेऊन आली होती. कोळीवाड्यातली, स्वतः वीस वर्षे मासळी विकलेली. ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "तुमी शाळेचा बोलतास, पैशांचा बोलतास. रातीची पोरां खंय ठेवतली ती? तां पयलां सांगा." रेणुकाने जीपमध्ये विचारलेला प्रश्नच तो. या वेळी मी लिहून घेतला.

जकात नाका

१९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली तेव्हापासून बंदर रस्त्यावरच्या नाक्याला कुलूप होते. दोन खोल्या, कौलारू छप्पर, मागे एक संडास. आत पाण्याच्या मीटरचे भंगार आणि निवडणुकीचे जुने फलक. मुख्याधिकाऱ्यांनी विचारले, हे चालेल का. चालणार होते.

पैसे कुठून, यावर आठवडा गेला. नगरपरिषदेला अंदाजपत्रकात पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. आमच्याकडे ते शिलाई मशिनी आणि ब्युटीपार्लरच्या प्रशिक्षणावर जात. त्यातून कौले, वीजजोडणी, चटया आणि रात्री थांबणाऱ्या बाईचे मानधन काढायचे ठरले. ठरावात शब्द लिहिले गेले: 'बंदर परिसरातील कामकरी महिलांच्या बालकांसाठी रात्र संगोपन केंद्र.' या शब्दरचनेवर त्या दिवशी कुणीच अडखळले नाही. मीही नाही. उलट लेखापालांनी सही केली याचाच आनंद झाला.

मानधनावर चहावाल्या बाईच आल्या. मुले त्यांना काकी म्हणत, म्हणून इथेही काकी. त्यांच्या गटातल्या आणखी एकीने पाळी वाटून घेतली. वीजजोडणीला तीन आठवडे लागले. तोवर काकी घरचा इन्व्हर्टरवरचा दिवा घेऊन येत. मच्छीमार सोसायटीने दुधाची जबाबदारी घेतली, ती सव्वा महिना टिकली.

शाळेचे काम मात्र अपेक्षेपेक्षा सहज झाले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे असते. मुख्याध्यापिकांनी दोघांची नावे लगेच घातली, रेणुकाचे पाचवीत. तिचे शिक्षण गावी कन्नड माध्यमात तिसरीपर्यंत झालेले. मराठी अक्षरे तिला येत नव्हती, पण माशांचे भाव आणि हिशेब तोंडपाठ. तिच्या वर्गशिक्षिकेने गणितापासून सुरुवात केली. हे कुणी त्यांना सांगितले नव्हते.

एवढे कागद घेऊन संरक्षण अधिकारी पुन्हा समितीपुढे गेल्या. या वेळी कन्नड जाणणाऱ्या एका निवृत्त पोस्टमनना सोबत नेले आणि रेणुकाशी वेगळे बोलणे झाले, आई खोलीबाहेर असताना. समितीने मुले देखरेखीच्या अटीवर आईकडे परत दिली. पहिल्या दिवसापासून मोजले तर दहा आठवडे झाले होते. बालगृहातून येताना धाकट्या भावाने मधल्याला ओळखले नाही, असे काकी सांगतात. अडीच वर्षांच्या मुलासाठी दहा आठवडे म्हणजे पुष्कळ.

काय झाले

नोव्हेंबर ते मे नाका चालला. सुरुवातीला या कुटुंबाचीच तीन मुले, मग चार-पाच बायांची मिळून आठ-नऊ. रात्री दीडला दार उघडे, सकाळी आठला मुले आईबरोबर. शाळेतली मुले नाक्यावरच तोंड धुऊन तिथूनच शाळेत जात, आणि धाकटा साडेतीनचा होण्याआधीच अंगणवाडीत ओळखीचा झाला. स्टँडवर रेणुका दिसेनाशी झाली.

प्रायोजकत्व सात महिन्यांनी सुरू झाले. आधार कर्नाटकातले, उत्पन्नाचा दाखला इथला हवा, बँक खाते रेणुका आणि आईच्या नावाने जोडून हवे. मधल्या मुलाचा जन्म खाणीवर झालेला, नोंदच नाही. वर्षाहून जुनी जन्मनोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि खाण दुसऱ्या तालुक्यात होती. पाच फेऱ्यांपैकी तीन मी माझ्या स्कूटरवर केल्या. त्याचे अर्ज वेगळे राहिले. पैसे एकट्या रेणुकाचे आले.

मग १ जून आला. मासेमारी बंद झाली आणि जी गोष्ट ठरावाच्या शब्दांत दडली होती ती वर आली. रात्रीचे काम नाही, म्हणजे रात्र संगोपनाची गरज नाही, म्हणून दोन महिने मानधन नाही, म्हणून नाक्याला कुलूप. कागदावर हे बरोबर होते. पण कोकणातला सगळ्यात जोराचा पाऊस याच दोन महिन्यांत पडतो. ताडपत्री पहिल्याच सरीत फाटली. कुटुंबाला छप्पर सगळ्यात जास्त हवे होते तेव्हाच आमचे केंद्र बंद झाले.

खरे तर आधीही एक खूण दिसली होती. केंद्र 'बालकांसाठी' होते, म्हणून आईला आत झोपायची परवानगी नव्हती. ज्या रात्री बोट लागायची नाही, त्या रात्री मुले आत चटईवर आणि आई ओटीवर. काकींनी दोनदा तिला आत घेतले आणि एका नागरिकाने त्याची तक्रार केली. मी तेव्हा काकींनाच समजावले, की नियमात राहा. बालकल्याणाची फाईल एका टेबलावर, निवाऱ्याची फाईल दुसऱ्या टेबलावर, किंबहुना निवाऱ्याची फाईल नव्हतीच. आम्ही एका कुटुंबाला टेबलांप्रमाणे वाटून घेतले होते, आणि ओटीवर झोपलेली बाई कुठल्याच टेबलावर येत नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती मुलांना घेऊन गावी निघून गेली.

मागे वळून पाहताना

१०९८ ला फोन करणे चूक होते, असे मला वाटत नाही. तीन दिवस पाहून, एकदाही मुलीशी न बोलता केला, ही चूक. आणि तो फोन झाल्यावर माझे काम संपले असे मी धरले. पहिल्या नोंदीत 'रात्री मुलांजवळ कोण असते' एवढा एक रकाना असता, तर दुसरी नोंद झाली नसती, असे मी छातीठोकपणे म्हणू शकते. हल्ली मी जिथे काम करते तिथे भेटीच्या नोंदीत तो रकाना हाताने आखून घेते.

दुभाषा हा दुसरा मुद्दा. किनाऱ्यावर कन्नड, नेपाळी, हिंदी बोलणारे मजूर वर्षानुवर्षे येत आहेत. बेकरीवाला, निवृत्त पोस्टमन, खानावळीतला आचारी अशी चार नावे लिहून ठेवायला एक दुपार पुरते. ती यादी नव्हती, म्हणून मुलीलाच दुभाषी व्हावे लागले. आई तिच्याशी आठवडाभर धड बोलत नव्हती, हे आम्हाला बालगृहातल्या बाईंकडून नंतर कळले. समितीत तू काय सांगितलेस, या संशयातून.

गणपतीत यंत्रणा थांबते हे दर वर्षी ठाऊक असते. तरीही त्या काळात मुलांना कुटुंबापासून वेगळे करणारा आदेश झाला, तर मधल्या दहा दिवसांत कोण फेरी मारेल, हे कुणी ठरवत नाही. आम्हीही ठरवले नव्हते. अंगणवाडी सेविका बंदरापासून पाच मिनिटांवर राहत होत्या. त्यांना सांगितले असते तरी पुरे होते.

ठरावाच्या भाषेबद्दल माझे मत अजून डळमळीत आहे. 'निवारा' लिहिले असते तर पाच टक्क्यांतून पैसे मिळाले नसते आणि सभापतींचे 'सगळेच येतील' जिंकले असते. 'बालकांसाठी' लिहिले म्हणून दार उघडले. पण तोच शब्द जूनमध्ये कुलूप घेऊन आला. नोव्हेंबरात दार उघडल्यावर मार्चच्या अंदाजपत्रकात शब्द बदलायला चार महिने होते. केंद्र छान चालले आहे, फोटो येत आहेत, आता कशाला ढवळायचे, या विचाराने मी ते दिवस घालवले.

आणि 'निरंक'. त्या वर्षीच्या अहवालात मी जेट्टी, तीन चिरेखाणी आणि स्टँड फिरून मोजलेली कुटुंबे लिहिली. आकडा लहान होता. वरून फोन आला की मागच्या वर्षी निरंक असताना एकदम कसे वाढले. मी म्हटले, वाढले नाहीत, मोजले.

सध्या

पुढच्या जुलैत सभेने ठराव बदलला. 'बालकांसाठी'च्या जागी 'बालकांसह कुटुंबांसाठी' आणि 'रात्र' हा शब्द काढला. सभापतींनीच सूचना मांडली. मानधन बारा महिन्यांचे झाले, पण ठराव दर वर्षी नव्याने मंजूर करावा लागतो आणि तो कधी मार्चमध्ये होतो, कधी जूनपर्यंत रेंगाळतो.

ऑगस्टमध्ये आई परत आली, दोन्ही मुलांना घेऊन. रेणुका आली नाही. ती गावी आजीजवळ राहते आणि कन्नड शाळेत सहावीला आहे. वडील आता काठीने चालतात. हे चांगले झाले की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तिच्या नावाचे महिना ४००० रुपये ती आमच्या जिल्ह्यात नाही म्हणून थांबले. योजना केंद्राची आहे, तिकडेही तीच आहे, पण आदेश इथल्या समितीचा. तिकडच्या बाल संरक्षण कक्षाला तीन पत्रे गेली आहेत, तिसऱ्याला पोच आली आहे.

रेणुका दर रविवारी काकींच्या मोबाईलवर फोन करते. आधी बाळाबद्दल विचारते, मग बोट किती वाजता लागली ते.